अकॉर्डियनचं वजन खांद्याचं नव्हे

कार्यक्रम संपला की ऑर्केस्ट्रातला अकॉर्डियनवादक वाद्य उतरवतो आणि लगेच डावा खांदा चोळू लागतो. विचारलं तर म्हणतो, “बारा किलोचं आहे हो, दुखणारच.” वजन खरंच तेवढं असतं. 41 स्वरपट्ट्या आणि 120 बटणांचं पूर्ण आकाराचं अकॉर्डियन साधारण 10 ते 12 किलो भरतं. पण ते खांद्याने पेलायचं असतं, हा समज चुकीचा आहे. बसून वाजवताना स्वरपट्ट्यांची बाजू उजव्या मांडीच्या आतल्या अंगाला टेकते, भाता डाव्या मांडीवर येतो. खांद्यावरचे पट्टे वाद्य छातीशी धरून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. खुर्ची ठेंगणी किंवा हातांची असली की ही बैठक मोडते आणि सगळं ओझं पट्ट्यांवर जातं.

दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे ठेवायचे, असंही अनेक जण शिकलेले असतात. डावा पट्टा थोडा आखूड हवा. भात्याची ओढ त्याच बाजूला असते. उभं राहून वाजवायचं असेल तर मांडीचा आधार उरत नाही. तेव्हा दोन्ही पट्टे पाठीवर जोडणारा आडवा पट्टा लावायलाच हवा. तो नसला की पट्टे घसरू नयेत म्हणून वादक नकळत खांदे वर उचलून धरतो आणि तीन तास तसाच वाजवतो.

गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, इनॉक डॅनियल्स यांच्या वादनामुळे हे वाद्य आपल्या कानात बसलं. ऐकणाऱ्याचं लक्ष असतं उजव्या हाताच्या बोटांकडे. कष्ट मात्र डाव्या हाताचे. भाता उघडणं-मिटणं, आवाज चढवणं-उतरवणं, सगळं तो हात करतो, तेही बोटांनी बटणं दाबत. मनगटावरचा पट्टा सैल असेल तर भात्याची दिशा बदलताना दर वेळी हात आधी रिकामा सरकतो आणि मग झटका बसतो. एका गाण्यात असे झटके कितीतरी.

इथे एका कारणाकडे फार थोडे लोक बघतात, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं: गळका भाता. जुन्या वाद्यात भात्याच्या घड्या, कडेचं पॅकिंग किंवा स्वरपट्ट्यांखालच्या झडपा झिजतात. हवा निसटते आणि तेवढाच आवाज काढायला हात जास्त जोर लावतो. तपासणी सोपी आहे. दोघांनी मिळून वाद्य स्वरपट्ट्यांच्या बाजूने उचलून धरा, भात्याचे बंद सोडा आणि एकही पट्टी किंवा बटण न दाबता खालची बाजू लोंबू द्या. चांगला भाता अगदी सावकाश उघडतो. भराभर खाली आला, तर डॉक्टरांबरोबर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेही जायला हवं.

आणि खांदा दुखावतो तो बहुधा वाजवताना, हाही समजच. वाद्य उभ्याने एका हाताने उचलायचं आणि दुसरा हात मागे पिळून पट्ट्यात घालायचा, ही सवय घातक आहे. खांद्याची खोबणी उथळ असते. रोटेटर कफ नावाचे चार स्नायू तो सांधा जागेवर धरतात, आणि हात मागे वळलेला असताना ओझं आलं की तेच ताणले जातात. आधी बसा, वाद्य मांडीवर घ्या, मग पट्टे चढवा. उतरवतानाही तसंच.

दुखू लागल्यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात: “वाजवत राहा, मोकळा होईल” आणि “महिनाभर हात हलवू नका.” पहिल्याने दुखापत वाढते. दुसऱ्याने, विशेषतः चाळीस ते साठ वयाच्या आणि मधुमेह असलेल्या माणसाचा खांदा आखडू शकतो. असा आखडलेला खांदा सुटायला एक ते तीन वर्षं लागतात. वादन कमी करावं, दुखणारी हालचाल टाळावी, पण फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या हलक्या हालचाली चालू ठेवाव्यात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं काही आठवडे दबतं, स्नायूला त्याने बळ येत नाही. मधुमेहींची साखरही त्यानंतर काही दिवस वाढू शकते. एमआरआयमध्ये ‘टेअर’ दिसलं म्हणजे शस्त्रक्रिया ठरलीच, असंही नाही. काहीच न दुखणाऱ्या अनेक वयस्कांच्या खांद्यातही अशी फाट सापडते.

मात्र डाव्या खांद्यातल्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर वाद्याला दोष देत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. बोटांत मुंग्या आणि बधिरपणा असेल तर मूळ मानेत असू शकतं.

राहिला मानाचा प्रश्न. लहान अकॉर्डियन शिकाऊंचं, असं मानून कित्येक जण साठीतही मोठंच वाद्य ओढतात. 72 बटणांचं वाद्य साधारण 7-8 किलोंचं असतं. त्यात बटणांच्या बारा रांगा असतात, म्हणजे बाराही स्वरांचे बास जागेवर. मोठ्या वाद्यातल्या वीस रांगांत तेच स्वर पुन्हा येतात. उजवीकडे 34 स्वरपट्ट्या, जवळजवळ तीन सप्तकं. आपल्या गाण्यांमधले बहुतेक तुकडे तेवढ्यात बसतात.