तुम्ही कोणत्या पक्षाचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'तुम्ही कोणत्या पक्षाचे?' हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं. आडनाव कळलं की जात कळते, जात कळली की पक्ष कळतो, असा सोयीचा हिशेब आपण मनात मांडून ठेवलेला असतो. माझ्या बाबतीत तर आडनावापर्यंतही जावं लागत नाही. पहिल्या नावातच समोरच्याचं गणित सुटतं. मी मराठीत कविता लिहितो हे कळलं, की मात्र त्याचं उत्तर चुकतं आणि तो म्हणतो, 'अच्छा, म्हणजे तुम्ही त्यांच्यातले नाही!' त्यांच्यातले म्हणजे कुणातले, हे मी विचारत नाही. चहा गार होतो.

माणसाला गट लागतो, यात नवल नाही. नवल हे की त्यासाठी फार थोडं कारण पुरतं. हेन्री ताजफेल नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. जन्मानं पोलंडचे ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते आणि जर्मनांच्या हाती सापडले. आपण मूळचे पोलंडचे, हे त्यांनी लपवलं, म्हणून जगले. परत आले तेव्हा घरचं जवळपास कुणी उरलं नव्हतं. 'आपले' आणि 'परके' ही भानगड सुरू तरी कुठून होते, याचा त्यांनी पुढे शोध घेतला. १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथं त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवले आणि किती ते ओळखायला सांगितलं. मग म्हणाले, तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटातला, तू कमी सांगणाऱ्यांच्या. खरं तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच केली होती. नंतर प्रत्येकानं इतर मुलांना थोडे थोडे पैसे वाटायचे होते. घेणाऱ्याचं नाव माहीत नाही, फक्त गट माहीत. स्वतःला त्यातून दमडी मिळायची नव्हती. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दुसऱ्या एका प्रयोगात तर आपल्या गटाला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्या गटाला आपल्याहून कमी मिळाले पाहिजेत, असाच त्यांचा कल दिसला.

ठिपक्यांवरून हे होतं, तर झेंड्यावरून काय होत असेल!

पक्षाकडून उसनी घेतलेली ओळख किती टिकते, हे महाराष्ट्रानं अलीकडेच पाहिलं. २०१९च्या नोव्हेंबरात आयुष्यभर एकमेकांविरुद्ध लढलेले पक्ष एका सरकारात बसले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. मला आठवतात ते साधे कार्यकर्ते, ज्यांनी नेत्यापायी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता. नेता एका रात्रीत ज्याला शिव्या देत होता त्याच्या शेजारी जाऊन बसला. अबोला मात्र गावातच राहिला.

म्हणून मी तरुण मुलांना सांगतो, पक्ष नंतर ठरवा, आधी एक वही घ्या. तीत पक्षाचं, नेत्याचं, धर्माचं नाव लिहायचं नाही. फक्त प्रश्न लिहायचे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद करावी का? धरणातलं पाणी आधी पिण्याला की उसाला? जमिनीत बहिणीला वाटा असावा का, आणि असावा तर आपल्या घरी तो दिला का, की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली? आपल्या माणसाला पोलिसांनी उचललं की आपण जे बोलतो, तेच दुसऱ्याच्या माणसाला उचललं की बोलतो का? मशिदीवरचा भोंगा आणि मिरवणुकीतला डीजे, दोघांना एकच नियम लावायची तयारी आहे का? माझी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा दोन्ही नकोत. या उत्तरानं दोन्हीकडचे लोक माझ्यावर सारखेच नाराज होतात.

पंधरा-वीस उत्तरं झाली की वही वाचून पाहावी. कुठलाही एक पक्ष त्या सगळ्यांत बसत नाही. जो अकरा ठिकाणी बसतो त्याला मत द्यावं आणि उरलेल्या ठिकाणी त्याच्याशी भांडत राहावं. गंमत अशी की ज्यांचं नाव काढताच डोकं तापतं, त्यांच्याशीही दोन-चार ठिकाणी आपलं जुळलेलं असतं.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई असेच कुठल्या साच्यात बसले नाहीत. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची होती. कर्मठ मुसलमान त्यांच्यावर तुटून पडले. टाळ्या वाजवायला पुढे आलेल्या हिंदू जातीयवाद्यांनाही दलवाईंनी सोडलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला तो २०१७च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी.

आता रागाकडे येतो. राग वाईटच, असं मी म्हणणार नाही. ज्याचं घर जळालं त्याला 'शांत राहा' सांगणारे लोक मला आवडत नाहीत. बहुधा त्यांचं स्वतःचं घर दुसऱ्या गल्लीत असतं. राग कशावर धरला आणि त्याचं काय केलं, हे मला पाहायचं असतं. त्यासाठी महाडइतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

२० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि परत आले. मग गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला आणि परिषदेच्या मंडपात जेवणाऱ्यांना त्यानं झोडपलं. परिषदेला आलेल्यांत सैन्यात नोकरी केलेले गडी होते. बाबासाहेबांचा एक शब्द मिळता, तर महाडमध्ये काय झालं असतं, याची कल्पना करता येते. तो शब्द त्यांनी दिला नाही. रीतसर फिर्यादी झाल्या आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की सत्याग्रहात ब्राह्मण नको. माणसं हवी असताना ही अट बाबासाहेबांनी नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाला नव्हता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तिचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मणच होते. मंडपाला गावात कुणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमानानं दिली. दरम्यान विरोधकांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला आणि खटला लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं पुरला तो राग! आपला संध्याकाळच्या बातम्या संपेपर्यंत पुरत नाही, आणि तेवढ्यात आपण कुणाला काय काय बोलून बसतो.

पुष्कळांना वाटतं, बोलून टाकलं की वाफ निघून जाते. कुकरचं खरं आहे, माणसाचं नाही. अमेरिकेत आयोवा इथं ब्रॅड बुशमन या संशोधकानं सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी त्यांच्या लिखाणावर अपमानकारक शेरा मारून त्यांना चिडवलं. मग काहींना शेरा मारणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितलं आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. माणूस डोळ्यांपुढे ठेवून ठोसे मारणारे सर्वांत जास्त संतापलेले राहिले. नुसते बसलेले सगळ्यांत कमी आक्रमक होते. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये रात्री बारा वाजता आपण काय करतो, ते यावरून ताडून पाहावं.

मी कवी असल्यामुळे मला एक व्याकरणाचा उपाय सापडला आहे. राग आला की तो एका वाक्यात लिहायचा आणि त्यात विशेषण वापरायचं नाही, क्रियापद वापरायचं. 'अमका देशद्रोही आहे', 'तमका अंधभक्त आहे' या वाक्यांचं पुढे काहीच करता येत नाही. 'अमक्यानं शाळा बंद करण्याच्या ठरावाला हात वर केला' या वाक्याचं करता येतं. ग्रामसभेत उठून विचारता येतं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता येतं. आणि इतकं करूनही त्याच्या मुलीच्या लग्नाला जाता येतं.

हे पुण्याच्या माणसांनाही जमलेलं आहे! डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल-मवाळांचं भांडण इतकं पेटलं की व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. टिळक आणि गोखले यांच्या वाटा तिथून पुऱ्या वेगळ्या झाल्या. टिळक मंडालेहून सुटून आल्यावर १९१४च्या अखेरीस समेटाची बोलणी झाली. तीही फिसकटली आणि वर्तमानपत्रांतून पुन्हा कोळसा उगाळणं सुरू झालं. अशात १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. वय अवघं अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते, ते खाली उतरले. स्मशानात बोलताना त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं आणि जमलेल्यांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. मतभेद काही मिटले नव्हते. जहाल आणि मवाळ पुन्हा एका मांडवात आले ते १९१६ साली लखनौला. तोवर गोखले नव्हते आणि फिरोजशहाही नव्हते.