सुरुंगाविना खडक फोडताना तापमानाचे भान

विहीर खोल करताना कठीण पाषाण लागला आणि जवळच घर, गोठा किंवा जुने बांधकाम असले, तर सुरुंग लावणे धोक्याचे ठरते. अशा ठिकाणी खडकात छिद्रे पाडून त्यांत फुगणारी भुकटी भरण्याची रीत उपयोगी पडते. या भुकटीत मुख्यत्वे विशिष्ट रीतीने भाजलेला चुना असतो. कळीचा चुना विरवताना तो कसा फुलतो व तापतो, हे खेड्यात पुष्कळांनी पाहिलेले असते. तीच क्रिया छिद्रात कोंडली गेली की दाब हळूहळू वाढतो आणि पाषाणाला आवाज न होता तडे जातात.

या क्रियेचा वेग तापमानावर अवलंबून असतो. थंडीत चुना सावकाश विरतो. तडे जाण्यास एक दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. उन्हात क्रिया झपाट्याने होते, परंतु त्यातच धोका आहे. खडकाने शोषून घेण्यापूर्वीच उष्णता साठत गेली, तर आतील पाण्याची वाफ होते आणि तापलेला लगदा छिद्रातून जोराने उसळतो. तो अत्यंत दाहक असतो. डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. छिद्र जितके रुंद, तितका धोका अधिक.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. थंडीसाठी व उन्हाळ्यासाठी निरनिराळी भुकटी मिळते. वेष्टनावरील तापमानाची व छिद्राच्या व्यासाची मर्यादा पाहूनच ती निवडावी. हिवाळ्यात उरलेली भुकटी वैशाखात वापरू नये.

२. हवेबरोबर खडकाचेही तापमान पाहावे. उन्हातील काळा पाषाण हवेपेक्षा पुष्कळ तापतो. विहिरीचा तळ मात्र थंड असतो. उन्हाळ्यात खडकावर सावली करावी व तो निवाल्यावरच काम करावे.

३. साधारणतः ५ किलो भुकटीस दीड लिटर थंड पाणी लागते. कालवलेला लगदा ५ ते १० मिनिटांत भरावा. तापू लागलेला लगदा छिद्रात ओतू नये.

४. थंडीत उशीर होतो म्हणून उकळते पाणी वापरू नये. छिद्रे गोणपाटाने सैल झाकून धीर धरावा. तोंडाशी घट्ट बूच मारू नये.

५. डोळ्यांवर संरक्षक चष्मा व हातांत रबरी मोजे घालावेत. भरलेल्या छिद्रात कधीही डोकावू नये. मुले व गुरे दूर ठेवावीत. लगदा डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

ग्रामसेवकांनी भुकटी कालवण्यापूर्वीच ही माहिती कामावरील प्रत्येक मजुरास समजावून द्यावी. खडक दुसऱ्या दिवशीही फोडता येतो. गेलेली दृष्टी परत येत नाही.