नागिणीची गोळी आणि वृद्धांचा प्रलाप

वृद्धावस्थेत वाताचे प्राबल्य असते, हे आपण सर्वच जाणतो. मात्र हेच ज्ञान कधी कधी अचूक निदानाच्या आड येते. काही काळापूर्वी आमच्या चिकित्सालयात ७८ वर्षांच्या एका आजींना आणण्यात आले. आदल्या रात्रीपासून असंबद्ध बडबड, भिंतीवर मुंग्या दिसणे, हातांना झटके आणि वाणीत जडत्व अशी लक्षणे होती, ज्वर नव्हता. वातप्रकोपजन्य प्रलाप समजून आम्ही ब्राह्मी घृत लिहून दिले. औषधांची पिशवी पाहण्याची बुद्धी त्यानंतर झाली. पाठीवरील नागिणीसाठी त्या तीन दिवसांपासून व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा घेत होत्या; सोबत वेदनाशामक गोळ्याही होत्या.

व्हॅलासायक्लोव्हिरचे शरीरात असायक्लोव्हिर बनते आणि ते मुख्यत्वे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास औषध व त्याचे चयापचयज द्रव्य रक्तात साचून मेंदूवर विषवत् परिणाम करतात. भ्रम, कंप, तंद्रा, चालताना तोल जाणे ही लक्षणे बहुधा औषध सुरू केल्यापासून एक ते तीन दिवसांत उमटतात.

आजींचे क्रिएटिनिन १.२ होते, वरवर पाहता चिंतेचे कारण नव्हते. तथापि क्षीण मांसधातूच्या वृद्धांमध्ये हा आकडा फसवा ठरतो. १४० मधून वय वजा करून वजनाने गुणावे, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागावे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणावे. ४५ किलो वजनाच्या आजींचे उत्तर आले मिनिटाला सुमारे २७ मिलिलिटर. या स्थितीत नागिणीसाठी १ ग्रॅम मात्रा दिवसातून एकदाच देतात. त्यांना तिप्पट मिळत होती.

आम्ही त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठविले. तेथे औषध थांबवून शिरेवाटे द्रव देण्यात आले. चौथ्या दिवशी त्यांनी नातवाला नावाने हाक मारली. मूत्रपिंडे फारच निकामी असतील, तर अशा रुग्णांना रक्तशुद्धीकरणाचाही उपयोग होतो.

यावरून औषध त्याज्य ठरत नाही. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत ते सुरू करणे हितकर असते आणि डोळ्याजवळील नागिणीत विलंब घातक ठरतो. म्हणून वैद्यांनी परस्पर औषध बंद न करता, ते लिहून देणाऱ्या चिकित्सकाशी त्याच दिवशी बोलावे. ज्वर, तीव्र शिरःशूल वा मानेचा ताठरपणा असेल, तर विषाणूमुळे झालेल्या मेंदूशोथाची शंका घेऊन रुग्णालयच गाठावे. अशा रुग्णास विरेचन देऊन शरीरातील जलांश घटवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनीही वृद्ध ग्राहकाला ही गोळी देताना मूत्रपिंडाच्या तपासणीविषयी अवश्य विचारावे, पुरेसे पाणी पिण्यास सांगावे आणि वेदनाशामके आपल्या मनाने जोडू नयेत.

नाडीवर बोट ठेवण्यापूर्वी औषधांची पिशवी उघडण्याचा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो.