रेस वाढते, पण गाडी उचलत नाही

तुर्भ्याच्या एपीएमसीतून पहाटे भाजीपाला भरून निघणारे पिकअप जवळजवळ सगळे क्लचचे. दोन पेडलांचा पिकअप नवी मुंबईत अजून नवलाईचा. इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स ही त्यातली ठळक नावं. दोन्हींत सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. तो कुरकुरू लागला की ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. पण उतरवण्याआधी तपासण्यासारखं बरंच काही असतं.

पहिला प्रश्न, गाडीत आहे काय? २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटीत क्लच आणि गिअरबॉक्स नेहमीचेच असतात, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. सेलेरिओच्या दांड्याला ‘पी’ (पार्क) नाही. व्ही-क्रॉस आणि हायलक्सला ‘पी’ आहे आणि त्यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. तेच तेल आतले क्लच दाबतं, वंगण पुरवतं आणि उष्णताही वाहून नेतं.

म्हणून तपासणीची सुरुवात तेलापासून.

नवं तेल बहुधा लालसर असतं. काळपट तेलाला करपल्याचा वास आला, तर आतले क्लच जळत असल्याची शंका घ्यावी. तेल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. अशी गाडी पुढे चालवूच नये. ‘डी’ टाकल्यावर गाडी उशिराने हलते, किंवा चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, तेव्हा तेलाची पातळी आणि गळती आधी पाहावी. अनेक नव्या गिअरबॉक्सना तेल मोजायची पट्टीच नसते. कंपनीने ठरवलेल्या तापमानाला, खालचा बोल्ट काढून पातळी बघतात. तेलही कंपनीने सांगितलेलंच हवं.

काही दुखणी गिअरबॉक्सच्या बाहेरची असतात. दांडा ‘पी’मधून हलत नसेल, तर ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का ते पाहावं. लागत नसतील, तर दोष ब्रेकच्या स्विचमध्ये किंवा फ्यूजमध्ये असू शकतो. डॅशबोर्डवर इशारा आला, तर स्कॅनर लावावा. पी०७०० हा कोड फक्त गिअरबॉक्सच्या यंत्रणेत दोष असल्याचं सांगतो. नेमकं कारण सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये शोधावं लागतं. पी०२१८ म्हणजे तेल तापलंय, पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण चुकतंय.

पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल, तर तेल जरूर बघून घ्यावं. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि हवा सोडण्याच्या नळीवाटे पाणी आत ओढलं जाऊ शकतं.

आणि सायन–पनवेल महामार्गावर गाडी बंदच पडली, तर दोरी बांधून ओढून नेऊ नका. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही, चाकं मात्र गिअरबॉक्सचे भाग कोरडेच फिरवत राहतात. अशा वेळी फ्लॅटबेडच मागवा.