न झालेल्या आजारांचे डॉक्टर

मे २००० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या आरोग्य खात्याला एका डॉक्टरांनी कळवलं, की आठ जणांची फुफ्फुसं एकाच तऱ्हेने निकामी होत चालली आहेत. चौघं तर प्रत्यारोपणाच्या यादीत होते. ही आठही माणसं कधी ना कधी एकाच कारखान्यात कामाला होती आणि तिथे मायक्रोवेव्हमध्ये फुलवायचं पॉपकॉर्न तयार होई. चौकशी झाली. तापवलेल्या सोयाबीन तेलात लोण्याच्या चवीचा अर्क जिथे मिसळला जाई, तिथल्या कामगारांना धोका सर्वात जास्त होता. संशय त्या अर्कातल्या डायअसिटिलवर गेला. लोण्याला त्याचा खास वास देणारं हे रसायन. पोटात जाऊन ते फारसं काही करत नाही, पण वाफ रोज छातीत गेली तर बारीक श्वासनलिका जखमी होऊन कायमच्या आक्रसतात.

एकेकट्या रोग्याला तपासलं असतं तर दमा किंवा सिगारेट म्हणून विषय संपला असता. हे डॉक्टर व्यवसायजन्य आजारांचे होते, म्हणून छातीबरोबर त्यांना कारखानाही दिसला.

अशा डॉक्टरांची परीक्षा घेऊन त्यांच्यावर शिक्का मारण्याचं काम ‘अमेरिकन बोर्ड ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन’, म्हणजे प्रतिबंधात्मक वैद्यकाचं बोर्ड, ही १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावावर जस्ताच्या कारखान्याचा धूर धुक्यात अडकून बसला आणि २० माणसं गेली. धूर इतका दाट असतानाही शनिवारचा फुटबॉलचा सामना ठरल्याप्रमाणे झाला!

आपल्याकडे एमडी झालं की माणूस तज्ज्ञ. अमेरिकेत मामला वेगळा आहे. डॉक्टरकी करायला लागतं ते राज्याचं लायसन्स. ते कायद्यानेच सक्तीचं. बोर्डाचं प्रमाणपत्र ऐच्छिक, पण नावापुरतंच ऐच्छिक, कारण नोकरी देताना रुग्णालयं आणि यादीत घेताना विमा कंपन्या हमखास विचारतात, ‘बोर्ड सर्टिफाइड आहात का?’ अशी २४ बोर्डं एका छत्राखाली आहेत. त्यांतलं प्रतिबंधात्मक वैद्यकाचं बोर्ड जरा जगावेगळं. हृदयतज्ज्ञाची परीक्षा हृदयावर घेता येते. जो आजार झालाच नाही, त्यावर काय विचारायचं?

उत्तर प्रशिक्षणातच आहे. पहिलं वर्ष इतरांसारखंच रुग्णांच्या खाटेशी. पुढच्या दोन वर्षांत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे साथरोगशास्त्र आणि भरपूर संख्याशास्त्र, शिवाय आरोग्य खात्यात किंवा कारखान्यात प्रत्यक्ष काम. मुख्य शाखा तीन: सार्वजनिक आरोग्य, व्यवसायजन्य आजार आणि वैमानिक-अंतराळवीरांचं वैद्यक. व्यसनमुक्ती, विषबाधा, पाणबुड्यांचे आजार आणि वैद्यकीय माहितीशास्त्र या उपशाखांची प्रमाणपत्रंही हे बोर्ड देतं.

तिसऱ्या शाखेतल्या डॉक्टरला ‘फ्लाइट सर्जन’ म्हणतात, मात्र चाकूशी त्याचा संबंध नसतो. नासाच्या नियंत्रण कक्षातही या डॉक्टरच्या जागेचं नाव ‘सर्जन’च. एरवी डॉक्टरकडे येतो तो आजारी माणूस, सभोवतालची हवा साधी. इथे माणूस ठणठणीत आणि परिस्थिती विपरीत: वजन हरवलेलं, हाडं विरळ होत चाललेली, झोपेचा पत्ता नाही.

घोडं अडतं ते पैशापाशी. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्च बराचसा मेडिकेअर या सरकारी योजनेतून रुग्णालयांना मिळतो. प्रतिबंधात्मक वैद्यकाचा विद्यार्थी मात्र बराच काळ रुग्णालयाबाहेर असतो, त्यामुळे त्याच्या पगारासाठी दुसरीकडे हात पसरावे लागतात. रोग टाळायला शिकणाऱ्याचं वेतन रोग्यांच्या खाटांवर अवलंबून ठेवणं हा उफराटाच हिशेब म्हणायचा.

आपल्याकडे हाच विषय ‘पीएसएम’ (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणून ओळखला जातो आणि पार्क यांचं जाडजूड पुस्तक एमबीबीएसची मुलं परीक्षा तोंडावर आली की उघडतात. कारखान्यात डॉक्टर व्हायचं तर एएफआयएच (असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ) हा वेगळा अभ्यासक्रम आहे. मुंबईत तो शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चालतो आणि तीन महिन्यांत पुरा होतो.