व्हिक्टोरियाकालीन घर : त्याची दुरुस्ती व रक्षण

लंडन शहरांत हायगेट येथील क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवरचें ६५ क्रमांकाचें घर, मेडा व्हेल भागांतील हॉवली प्लेसमधलें १० क्रमांकाचें घर व प्रिमरोज हिलनजीक किंग हेन्रीज रोडवरचें १० क्रमांकाचें घर, हीं तीन घरें महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेत. पहिल्यांत १९०५ सालीं पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनीं इंडिया हाऊस काढलें व पुढें तेथें विनायकराव सावरकर राहिले. दुसऱ्यांत १९१८-१९ सालीं लोकमान्य टिळकांचा मुक्काम होता. तिसऱ्यांत १९२१-२२ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. तिन्ही घरें व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींतील (१८३७-१९०१) बांधणीचीं असून तिन्हींवर स्मारकपाट्या आहेत. घरांत कोण राहिलें तें पाटीवरून समजतें. घर कशाचें केलेलें आहे, तें इतकीं वर्षें कां टिकलें आणि अलीकडील दुरुस्त्यांनीं त्याचें काय होतें, हें मात्र पाटीवरून समजत नाहीं. इंग्लंडांतील राहत्या घरांपैकीं सुमारें पंचमांश घरें १९१९ पूर्वींचीं आहेत आणि त्यांचा मोठा भाग याच कारकीर्दींतला आहे. म्हणून या बांधणीचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आमच्या वाचकांचा व्यासंग कागदांचा, विटांचा नव्हे, अशी शंका कोणी घेईल. परंतु जुनें घर हाही एक अस्सल कागदच होय. प्रत्येक पिढीनें त्यावर कांहीं लिहिलेलें व कांहीं खोडलेलें असतें. दप्तरांतील एखाद्या पत्राचा कोपरा कसरीनें खाल्ला असेल तर गेलेलीं अक्षरें आपल्या पदरचीं घालून, जुन्या मोडी वळणाची हुबेहूब नक्कल करून तो कोपरा भरणारास आपण संशोधक म्हणत नाहीं. आपण तेथें टिंबें देतों, किंवा तर्क कंसांत घालतों. इमारतींच्या बाबतींत हा विवेक विल्यम मॉरिस, फिलिप वेब व त्यांचे सहकारी यांनीं १८७७ सालीं स्थापिलेल्या प्राचीन इमारत संरक्षक मंडळानें शिकविला. त्या काळीं इंग्लंडांत जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार जोरांत चालला होता. मधल्या शतकांनीं घातलेली भर खरवडून काढावयाची व मूळचें रूप म्हणून कल्पनेनें नवेंच कांहीं उभें करावयाचें, असा तो प्रकार. मॉरिसचें म्हणणें असें होतें कीं, नित्य डागडुजीनें इमारत राखावी. जें गेलें त्याचें सोंग आणूं नये. मौज अशी कीं, स्वतःच्या काळच्या बहुतेक घरांविषयीं मॉरिसला प्रेम नव्हतें. पण आज तींच घरें राखण्यास त्याचें सूत्र उपयोगी पडत आहे.

आतां भिंत. या काळच्या सामान्य घराची भिंत भरीव विटांची, पुष्कळदां नऊ इंच जाडीची, म्हणजे एका विटेच्या लांबीइतकी असते. पुढील काळाच्या घरांतल्याप्रमाणें तिच्या दोन पदरांमध्यें पोकळी नसते. पाऊस पडला कीं बाहेरचें अंग ओलावतें, वारा लागला कीं तें सुकतें. भिंत पाण्यास अडवीत नाहीं. तें घेते व परत देते. या देवघेवींत मुख्य काम सांध्यांतील चुन्याचें. चुना विटेपेक्षां नरम व सच्छिद्र असल्यानें ओलावा त्या वाटेनें उडून जातो आणि झीज व्हावयाची ती चुन्याची होते. पन्नाससाठ वर्षांनीं किंवा त्याहून उशिरां सांधे खरवडून पुनः चुना भरला कीं भिंत पूर्ववत् होते.

येथेंच नव्या दुरुस्तीनें मोठा घात केला आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट १८२४ सालीं घेतलें. परंतु राहत्या घरांच्या सांध्यांत चुन्याची जागा सिमेंटानें सर्रास घेतली ती विसाव्या शतकांत. सिमेंट घट्ट, म्हणून टिकाऊ, अशी समजूत असल्यानें जुन्या सांध्यांवर तें थापण्यांत आलें. आतां ओलाव्यास सांध्यांतून वाट उरत नाहीं. तो विटेंतून बाहेर पडूं लागतो. हिंवाळ्यांत त्याचें बर्फ होतें, बर्फ होतांना पाणी सुमारें नऊ टक्के फुगतें, आणि विटेचें तोंड पापुद्र्यासारखें गळून पडतें. सांधा शाबूत राहतो, वीट मरते. विटेवर एकदां ही पाळी आली कीं तिला औषध नाहीं. ती बदलावीच लागते. जलाभेद्य रंग व सिमेंटाचा गिलावा यांचेंही फळ तेंच. हस्तलिखितांच्या संग्राहकांस या प्रकारांत ओळखीचें कांहीं दिसेल. विसाव्या शतकाच्या मध्यास जीर्ण कागद सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पातळ पटलांत बंद करणें हा उत्तम उपाय मानला जात असे. पुढें तें पटलच कालांतरानें बिघडतें व कागदास बाधतें असें दिसून आलें, आणि तें सोडविण्याचें काम मूळ दुरुस्तीपेक्षां कठीण होऊन बसलें.

ओल दिसली कीं भिंतींत भोंकें पाडून रसायन भरण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मतें तत्पूर्वीं शिडी लावून पन्हळ पाहावी. तुंबलेली पन्हळ, फुटलेली बिडाची नळी, छपरावरील सरकलेली स्लेट, अथवा बाहेर अंगणाची जमीन वर्षानुवर्षें उंच होत जाऊन ती भिंतींतील ओलरोधक थराच्या वर आलेली असणें, हीं कारणें निम्म्याहून अधिक वेळां पुरेशीं ठरतील. हा ओलरोधक थर १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर झालेल्या नमुना नियमांनीं रूढ केला; त्यापूर्वींच्या घरांत तो नसावयाचा, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. तळमजल्याची लांकडी जमीन अधांतरीं असते आणि तिच्याखालून वारा खेळावा म्हणून भिंतीच्या पायाशीं जाळीच्या विटा बसविलेल्या असतात. थंडी येते म्हणून कोणी त्या बुजवितो. मग लांकडांतील पाण्याचें प्रमाण शेंकडा वीसच्या वर जातें व बुरशीस घर मिळतें.

हवेचा हा प्रश्न शेकोट्यांशींही निगडित आहे. या घरांत जवळजवळ प्रत्येक खोलींत कोळशाची शेकोटी असे व तिच्या धुराड्यावाटे रात्रंदिवस हवा ओढली जाई. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर आलेल्या धुरकट धुक्यानें हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला, कोळसा मागें पडला, शेकोट्या फळ्या ठोकून बंद झाल्या. हें होणें इष्टच होतें. पण त्याच घरांत रोजचीं ऊन पाण्याचीं स्नानें, झांकपाक स्वयंपाकघर व कपडे वाळविणें आलें, आणि वाफेस जाण्यास मार्ग राहिला नाहीं. बंद शेकोटीच्या फळीस लहान जाळी, धुराड्याच्या तोंडावर पाऊस अडवून हवा सोडणारें टोपण व स्नानगृहांत एक पंखा, इतक्या अल्प खर्चानें जें साधतें तें महागड्या बुरशीनाशक रंगानें साधत नाहीं. ऊब राखण्यासाठीं प्रथम छपराखालीं अस्तर घालावें. भिंतीस आंतून अस्तर घालावयाचें तर फार जपून आणि वाफ जाऊं देणाऱ्या पदार्थाचें; नाहींतर भिंत थंड व ओली राहून तिच्यांत रोवलेलीं तुळयांचीं टोंकें कुजतात.

खिडक्यांची हकीकत इतिहासदृष्ट्या सर्वांत मनोरंजक आहे. कांचेवरील जकात १८४५ सालीं व खिडक्यांवरील कर १८५१ सालीं उठला; व्हिक्टोरियाकालीन घराचीं मोठीं तावदानें हें त्या करमाफीचें प्रत्यक्ष साधन आहे. दोन झडपा वरखालीं सरकतात, त्यांचा भार चौकटीच्या पोकळींत दोराला टांगलेलीं लोखंडी वजनें तोलतात. लांकूड बहुधा बाल्टिक समुद्राकडील, थंड मुलखांत सावकाश वाढलेलें, म्हणून दाट. दोर तुटला तर दोर बदलावा, खालचा तुकडा कुजला तर तेवढाच तुकडा सांधावा. फटींना केसाळ पट्टी लावून आंतून दुसरें कांचेचें तावदान बसविलें म्हणजे थंडी व आवाज दोन्ही पुष्कळ आटोक्यांत येतात. तें सोडून सबंध खिडकी उपटून प्लॅस्टिकची बसविणारास आम्ही शहाणा म्हणणार नाहीं. तिचें मोडलें तर सांधतां येत नाहीं. आणि जुन्या कांचेंतील किंचित् लाटांनीं समोरचा रस्ता जसा हलता दिसे तो गेला तो गेलाच.

नव्या सोयींचें या घरांशीं मूळचेंच वैर आहे असें मात्र समजूं नये. नॉर्थंबरलंडांतील क्रॅगसाइड या घरीं पाण्याच्या जोरावर वीज करून १८७८ सालीं दिवा लागला, आणि १८८० सालीं तेथें स्वान याचे विजेचे दिवे आले. वीज, नळ, उष्ण पाणी यांना नवी वाट खोदण्याऐवजीं फळ्यांखालची व निकामी धुराड्यांतली जागा द्यावी. पुढची व मागची बैठक एक करण्यासाठीं मधली भिंत पाडणें हा आजचा मोठा छंद आहे. पाडावीच लागली तर दोन्ही कडांस हातभर भिंत व वरचा पट्टा ठेवावा, म्हणजे येथें दोन खोल्या होत्या हें वाचतां येईल व पुढील पिढीस परत दोन करतां येतील.

काय लपलेलें असतें याचीं दोन उदाहरणें देतों. मॉरिससाठीं वेबनें १८५९-६० सालीं बांधलेलें बेक्स्लीहीथचें रेड हाऊस मॉरिसनें पांच वर्षांत सोडलें; पुढें अनेक कुटुंबें त्यांत राहिलीं आणि २००३ सालीं तें नॅशनल ट्रस्टकडे आलें. तेथील एका शयनगृहांत भिंतींतील कपाटामागें व कागदाखालीं झांकलेलें भित्तिचित्र २०१३ सालीं उजेडांत आलें. तें मॉरिस व त्याच्या चित्रकार मित्रांच्या हातचें मानण्यांत येतें. दुसरें, केन्सिंग्टनमधील १८ स्टॅफर्ड टेरेस, ‘पंच’चा व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न याचें घर. त्यानें मॉरिसच्या कागदावर पुढें चामड्यासारखा उठावाचा जपानी कागद चढविला. पण तो महाग, म्हणून टांगलेल्या चित्रांमागची जागा वगळली! काटकसरीनें जुना पाठ जपला गेला. मात्र थर खरवडतांना सावध असावें. जुन्या रंगांत शिसें असतें व कांहीं जुन्या हिरव्या कागदांत सोमल. कोरडें घांसून त्यांची धूळ उडवूं नये. प्रत्येक खोलींत सर्व थर दाखविणारा एक लहान चौकोन न रंगवितां ठेवावा, आणि केलेल्या कामाचीं छायाचित्रें, चुन्याचें प्रमाण व कारागिराचें टिपण घराच्याच दप्तरांत राखावें.

कायद्याचें संरक्षण उशिरां आलें. इमारतींची यादी करण्याची सक्ती १९४७ च्या कायद्यानें झाली, व्हिक्टोरियाकालीन वास्तूंसाठीं स्वतंत्र मंडळ १९५८ सालीं निघालें, सबंध वस्ती राखण्याची तरतूद १९६७ सालीं झाली. यादींतील घरांत संमतीवांचून फेरफार करणें हा गुन्हा आहे. यादीबाहेरच्या घराचाही उपयोग बदलावयाचा तर स्थानिक परवानगी लागते. किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें. त्याचें संग्रहालय करण्यास तेथील नगरसंस्थेनें हरकत घेतली. राहत्या घराचें राहतेंपण जातें, हा तिचा एक मुद्दा होता. प्रकरण वरिष्ठ चौकशीस गेलें व मार्च १९२० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे मार्च २०२० मध्यें, संग्रहालयास परवानगी मिळाली.