भिंतीपलीकडची टिकली

सेट टॉप बॉक्स हॉलमध्ये आणि आई आतल्या खोलीत, अशी व्यवस्था आमच्या घरी काही वर्षं होती. गुडघे बोलायला लागल्यावर आईचा पलंग, औषधांचा डबा आणि जुना एकवीस इंची टीव्ही असं सगळं आत हललं. बॉक्स मात्र बाहेरच राहिला, कारण नवा मोठा टीव्ही बाहेर. बॉक्सच्या पाठीतून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची लांबलचक वायर निघाली आणि दाराच्या चौकटीवरून, खिळ्यांना लटकत, आत गेली. चित्र आत पोचायचं, आवाज पोचायचा. रिमोट पोचायचा नाही. मालिका संपली की आतून हाक यायची, "अरे, बाहेर कोण आहे? बातम्या लावा." मग कुणीतरी उठून हॉलमध्ये बटण दाबायचं आणि ओरडायचं, "लागल्या का?" आतून उत्तर, "ते नव्हे, त्याच्या पुढचं!"

तेव्हा बऱ्याच घरांत हेच चालू होतं. जुन्या केबलच्या दिवसांत केबलवाला एक बोटभर स्प्लिटर लावून एका वायरीच्या दोन करून द्यायचा. दोन्ही टीव्ही आपापल्या रिमोटवर आपापला चॅनेल लावत, कारण चॅनेल निवडायचं काम टीव्हीच्याच पोटात होतं. मग केबल डिजिटल झाली. पुण्यासह 38 शहरांसाठी 31 मार्च 2013 ही मुदत होती. त्यानंतर निवड टीव्हीच्या पोटातून उठली आणि बॉक्समध्ये जाऊन बसली. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स, म्हणजे महिन्याला दुसरे पैसे. दुसऱ्या टीव्हीच्या नेटवर्क शुल्कावर 'ट्राय'ने पहिल्याच्या 40 टक्क्यांची मर्यादा घातली, पण ती 2020 मध्ये. तोवर लोकांनी मध्यमवर्गीय उपाय केला होता: बॉक्स एकच, वायर लांब.

आता रिमोट भिंतीपाशी का अडतो? रिमोटच्या नाकावर जो छोटा दिवा असतो तो अवरक्त प्रकाश टाकतो, बहुधा 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्या डोळ्याची धाव साधारण 700च्या आसपास संपते, म्हणून तो दिसत नाही. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोट त्याच्याकडे रोखा आणि बटण दाबा, बहुतेक फोनांत जांभळट-पांढरी उघडझाप दिसेल. सेल संपलेत की रिमोट गेलाय, हे ठरवायची ही सर्वांत स्वस्त तपासणी. दिसो न दिसो, तो शेवटी प्रकाशच. पांढऱ्या भिंतीवरून उसळतो, छतावरून उसळतो, म्हणून रिमोट पंख्याकडे धरूनही कधीकधी चॅनेल बदलतो. पण वीट ओलांडत नाही.

या प्रकाशाला एक अडचण आहे. ऊन, पिवळा बल्ब, उदबत्तीचं टोक, जे जे तापलेलं ते सगळं थोडंफार अवरक्त फेकत असतं. त्या गर्दीत आपला माणूस ओळखू यावा म्हणून रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो आणि बॉक्सचा डोळा तेवढ्या वेगाने लुकलुकणाऱ्या उजेडाकडेच लक्ष देतो. हा 38 हजार कुठून आला? ज्यांनी जुने रेडिओ उघडलेत त्यांना 455 किलोहर्ट्‌झ हा आकडा पाठ असतो. रेडिओतल्या 'आयएफ'च्या, म्हणजे मधल्या वारंवारतेच्या, कॉइली याच आकड्यावर लावतात. या वारंवारतेचे रेझोनेटर म्हणूनच स्वस्तात, मुबलक मिळत. 455 ला 12 ने भागा, 37.9 येतात. म्हणजे आजीच्या रेडिओतला आकडा भागाकार होऊन नातवाच्या रिमोटमध्ये राहायला आला. या लुकलुकीचे छोटे-मोठे तुकडे पाडून आज्ञा पाठवली जाते. एनईसी या प्रचलित पद्धतीत सुरुवातीला 9 मिलिसेकंदांची एक लांब हाक, मग थोडी शांतता, मग 32 खुणा. सगळं मिळून 68 मिलिसेकंदांच्या आत आटपतं.

भिंतीपाशी अडणं ही रिमोटची उणीव आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. इतिहास वाचल्यावर कळलं की ते मुद्दाम केलेलं आहे.

अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने 1939च्या मॉडेलांसोबत रेडिओसाठी 'मिस्टरी कंट्रोल' नावाचा बिनतारी खोका काढला होता. त्यावर टेलिफोनसारखी चकती होती आणि तो रेडिओ लहरींवर चालायचा. पुढे टीव्ही आले. शिकागोच्या झेनिथ कंपनीचा प्रमुख युजीन मॅक्डोनल्ड याला जाहिरातींचा मनस्वी तिटकारा. बसल्या जागेवरून त्या बंद करता याव्यात, असा त्याचा हट्ट. 1950 मध्ये 'लेझी बोन्स' आला. नावातच आळस, पण वायर जमिनीवरून गेलेली, लोक तीत पाय अडकून पडत. 1955 मध्ये युजीन पॉली या इंजिनिअरने 'फ्लॅश-मॅटिक' केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी डोळे, हातात पिस्तुलासारखी टॉर्च. ऊन फिरून पडद्यावर आलं की टीव्ही स्वतःच्या मर्जीने चॅनेल बदलायचा.

तेव्हा झेनिथमधल्याच रॉबर्ट ॲडलर या इंजिनिअरपुढे प्रश्न आला, वापरायचं काय? रेडिओ लहरी हाताशी होत्या. पण त्या भिंतीतून आरपार जातात, म्हणजे माझ्या बटणावर शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बदलणार. म्हणून त्याने खोलीतच राहील अशी गोष्ट निवडली: आवाज, पण माणसाला ऐकू न येणारा. 1956च्या 'स्पेस कमांड'मध्ये ॲल्युमिनियमच्या चार छोट्या दांड्या होत्या. बटण दाबलं की आतली हातोडी दांडीवर टक्‌ करून आपटायची आणि ती दांडी आपल्या वेगळ्या सुरात झणझणायची. सेल लागतच नसत. विक्री विभागाचीच तशी अट होती: सेल संपले तर गिऱ्हाइकाला वाटेल टीव्ही बिघडला. हे सूर ऐकायला टीव्हीत सहा जादा व्हॉल्व्ह बसवावे लागत आणि किंमत 30 टक्क्यांच्या आसपास चढे. शिवाय किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनेल बदलू शके. तरीही हा ध्वनीचा रिमोट जवळपास पंचवीस वर्षं टिकला. त्याच्या जागी अवरक्त आला, त्याचाही गुण तोच: खोलीत राहतो.

मला हे आधी कळलं असतं तर माझे पहिले पैसे वाया गेले नसते. बाजारात तेव्हा काळ्या पिरॅमिडची जोडी मिळायची. एक पिरॅमिड आईच्या खोलीत, एक बॉक्ससमोर. आतला पिरॅमिड रिमोटचा उजेड टिपतो, तो 433 मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींवर चढवून भिंतीपार पाठवतो आणि बाहेरचा पिरॅमिड त्याचा पुन्हा उजेड करून बॉक्सवर टाकतो. वायर नाही, खिळे नाहीत. आई खूश. आमचं बघून खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही तीच जोडी आणली, दुकान मीच सांगितलं होतं. आठवडाभरात काकू केबलवाल्याला फोन करत होत्या की बॉक्सला काहीतरी झालंय, रोज संध्याकाळी बरोब्बर सातला आपोआप बातम्या लागतात. केबलवाला बिचारा दोनदा बॉक्स बदलून गेला. अख्ख्या इमारतीला केबल त्याचीच, बॉक्स एकाच कंपनीचे, म्हणजे रिमोटची भाषाही एकच. आणि पिरॅमिडांना आपलं-परकं कळत नव्हतं. ॲडलरला शिकागोत ज्याची धास्ती होती ते सदाशिव पेठेत आमच्या जिन्यात घडलं. काकूंकडच्या कुकरीच्या कार्यक्रमामुळे आईचं कीर्तन अधूनमधून का तुटायचं, तेही मग उलगडलं.

पिरॅमिड गेले आणि मी बुधवार पेठेत जाऊन वायरीचा रिपीटर आणला. हा प्रकार दिसायला गावठी, पण माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा. त्यात तीन गोष्टी असतात. एक डोळा, तो आईच्या टीव्हीच्या कडेला चिकटवायचा. एक काडेपेटीएवढी डबी, ती मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालते. आणि बारीक वायरीच्या टोकाला हरभऱ्याएवढा एलईडी, पाठीला चिकट गोंद लावलेला. तो बॉक्सच्या तोंडावर, नेमका त्याच्या डोळ्यावर लावायचा. आईने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "ही तर टिकलीच की." तेव्हापासून आमच्या घरी तिचं नाव टिकली.

टिकली लावणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. बॉक्सचं तोंड काळ्या चकचकीत प्लास्टिकचं, डोळा कुठे आहे ते दिसत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च तिरपी धरली की प्लास्टिकच्या आड एक गोल भिंग चमकतं. तिथे टिकली. अर्धा इंच इकडेतिकडे झाली की दहापैकी चार वेळा चालतं, आणि चारदा चालणारी वस्तू मुळीच न चालणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त छळते. टिकलीची वायर आधीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीच्याच खिळ्यांवरून नेली.

पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी आईची तक्रार, "दिवा लावला की हा ऐकत नाही." मी दुपारी तपासलं तर सगळं ठीक. संध्याकाळी तपासलं तर रिमोट मेल्यासारखा. आणि डबीवरचा लाल ठिपका, जो बटण दाबल्यावरच लुकलुकायला हवा, तो कुणी हात लावला नसताना सारखा थरथरत होता. खोलीत सीएफएल होता, वीज वाचवणारा म्हणून कौतुकाने आणलेला. त्याच्या बुडातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करतं आणि त्या दिव्यातून जे अवरक्त बाहेर पडतं तेही त्याच तालात. आमच्या सीएफएलचा ताल रिमोटच्या तालाच्या फार जवळ असावा. डोळ्याला वाटे, कुणीतरी अखंड बटण दाबून बसलंय, त्या गोंगाटात आईचा रिमोट बुडून जाई. दिवा बंद केला, ठिपका शांत. दिवा लावला, थरथर सुरू. डोळा टीव्हीच्या खालच्या कडेला, दिव्याकडे पाठ करून लावला आणि त्याला काळ्या पुठ्ठ्याची छोटी पडवी केली. तेवढ्यावर भागलं.

आज हे सगळं करायची गरज बरीच कमी झाली आहे. टीव्हीला लावायच्या स्टिकचे रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतात, म्हणजे पुन्हा रेडिओ लहरी, भिंत पार करणाऱ्या. पण त्यांना वापरण्याआधी जोडी जुळवावी लागते. स्टिक आपल्याच रिमोटचं ऐकते, काकूंचं नाही. मात्र याच रिमोटवरची टीव्ही बंद-चालू करायची आणि आवाजाची बटणं अनेकदा जुन्या अवरक्तावरच असतात, त्यामुळे दुसऱ्या खोलीतून चित्रपट थांबवता येतो आणि आवाज काही कमी होत नाही. त्यावर एचडीएमआयचा एक उतारा आहे. त्या वायरीच्या 19 पिनांपैकी तेरावी नुसत्या निरोपांसाठी राखलेली असते, तिच्यावरून स्टिक टीव्हीला आवाज कमी कर, झोप, ऊठ असं सांगू शकते. या सोयीचं खरं नाव सीईसी. प्रत्येक कंपनीने तिला स्वतःचं वेगळं बारसं करून ठेवल्यामुळे ती सेटिंगमध्ये सापडणं हीच मोठी कामगिरी. वायफायवर चालणाऱ्या गोल डब्याही आहेत: फोनवरून आज्ञा द्यायची, डबी खोलीभर अवरक्त उधळते. ऑफिसातून घरचा एसी लावायला लोक त्या आणतात. टीव्हीसाठी मला त्यांचा कंटाळा येतो. आवाज एक घर कमी करायला फोन उघडा, ॲप शोधा, ते फिरत राहणार. आईला बोटाखाली रबरी बटण लागतं, न बघता सापडणारं.

वायरीच्या रिपीटरबद्दल एक गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती आणि माझ्याही डोक्यात आली नव्हती. बॉक्स एक, म्हणजे चॅनेल एक. आत जे लागेल तेच बाहेर. जोवर आईला हाक मारावी लागत होती तोवर निर्णय हॉलच्या हातात होता. "थांब, ही ओव्हर होऊ दे," असं म्हणता येई. टिकली लागल्यापासून हाक बंद झाली. हॉलमध्ये आठ-दहा जण श्वास रोखून बसलेत, शेवटच्या दोन षटकांत वीस धावा हव्यात, गोलंदाज धावत सुटलाय, आणि पडद्यावर अचानक टाळ-मृदंग. आईला बाहेर मॅच चालू असल्याचा पत्ता नसे. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

एका रविवारी असंच काही न होता मॅच शेवटपर्यंत नीट पार पडली. रात्री बॉक्सकडे सहज लक्ष गेलं. टिकली त्याच्या तोंडावर नव्हती. शोकेसच्या काचेच्या कोपऱ्यात, बायका आरशाला लावून ठेवतात तशी, कुणीतरी व्यवस्थित चिकटवून ठेवली होती. चिरंजीव पुस्तकात डोकं घालून बसले होते. आतल्या खोलीत आई पलंगावर बसून, चष्मा लावून, रिमोटचे सेल बदलत होती.